परवान्याची कळ पैलतीरावर

परावलंबन म्हणजे काय, हे सिरोंचा तालुक्यातील शेतकऱ्याला व्याख्यान देऊन समजवावे लागत नाही. २०१९ मध्ये गोदावरीवर मेडीगड्डाचा बॅरेज उभा राहिला. त्याचे एक टोक तेलंगणात, तर दुसरे सिरोंचा तालुक्यातील पोचमपल्लीजवळ. पंच्याऐंशी दरवाजांची ही रांग दोन्ही तीरांना टेकलेली असली, तरी दरवाजांची कळ मात्र पैलतीरावर होती. पाणी कधी अडवायचे व कधी सोडायचे, याचा निर्णय तिकडे. आणि पाणी शिरले की पीक जायचे ते इकडचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बॅरेजचे खांबच खचले, तो विषय निराळा. परंतु आपल्या उंबरठ्याशी असलेल्या वस्तूची कळ दुसऱ्याच्या मुठीत असली की काय होते, याचा जो धडा या तालुक्याने गिरवला, तोच आज एका अनपेक्षित क्षेत्रात पुन्हा गिरवावा लागत आहे. ते क्षेत्र आहे संगीताचे.

सिरोंचा आणि संगीत, ही जोडी पुण्या-मुंबईच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. त्याच्या लेखी गडचिरोली म्हणजे सागवान, मलेरिया आणि भूसुरुंग. परंतु प्राणहिता जेथे गोदावरीला मिळते, त्या संगमाच्या काठचे हे गाव तीन भाषांत गाते. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि रानात माडिया-गोंडी, असा येथील व्यवहार. पैलतीरी कालेश्वराचे देवस्थान. एप्रिल २०२२ मध्ये येथे प्राणहितेचे पुष्कर भरले, तेव्हा एकाच घाटावर तेलुगू भजन आणि मराठी अभंग कानी पडावेत, यात स्थानिकांना काही नवल वाटले नाही. आत जंगलपट्ट्यात गेले की गोंड तरुण-तरुणींच्या फेरातून ‘रेला’ची धून उठते. इंग्रजी अमदानीत हे गाव अप्पर गोदावरी जिल्ह्याचे ठाणे होते. १८७४ मध्ये तो मुलूख चांदा जिल्ह्याला जोडला गेला आणि १९८२ मध्ये नव्या गडचिरोली जिल्ह्यात आला. जिल्हे बदलत राहिले, गाणे मात्र तेथेच राहिले.

या गाण्याचे सामर्थ्य सर्वांत आधी कोणी ओळखले असेल, तर ते नक्षलवाद्यांनी. हे कबूल करणे कटू असले तरी आवश्यक आहे. १९८० च्या सुमारास आंध्रातून प्राणहिता ओलांडून ही चळवळ सिरोंच्यात शिरली, ती केवळ बंदूक घेऊन नव्हे. हैदराबादेत गदर आणि त्यांच्या जन नाट्य मंडळीने खांद्यावर गोंगडी टाकून, हातात डफ घेऊन जे तंत्र घडवले होते, तेच जंगलात उतरले. पुढे चेतना नाट्य मंचाच्या पथकांनी वनवासी बांधवांचीच ‘रेला’ची धून उचलली आणि तिच्यात परके, रक्तलांछित शब्द भरले. धून पिढ्यान्‌पिढ्यांची, शब्द माओचे! पण या पथकांना ना वीज लागत होती, ना स्टुडिओ, ना कोणाची परवानगी. कंठ आणि चामड्याचे वाद्य, एवढ्यावर त्यांनी चार दशके गावे हलवली. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल राव उर्फ भूपती याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. शस्त्राची जागा रिकामी झाली. गाण्याची रिकामी होत असलेली जागा कोण भरणार, हा प्रश्न शासनाच्या कोणत्याही आराखड्यात दिसत नाही.

ती जागा नागपूरच्या स्टुडिओतून आयात केलेल्या ध्वनिफितींनी भरणार नाही. ती तेथलाच एखादा तरुण भरेल. आणि त्यासाठी लागणारे साहित्य आज अशक्य महाग राहिलेले नाही. एक बऱ्यापैकी लॅपटॉप, एक ध्वनिक्षेपक, ध्वनी संगणकात घेणारी छोटी पेटी आणि संगीतनिर्मितीचे सॉफ्टवेअर, एवढ्यावर घरातील एका खोलीत ध्वनिमुद्रण होऊ शकते. तासाभराचे उत्तम प्रतीचे द्विमार्गी ध्वनिमुद्रण साधारण एक गिगाबाइट जागा घेते. पेन ड्राइव्हवर ते सहज मावते. मुख्य सॉफ्टवेअरला जोडण्यासाठी प्लगइन नावाची छोटी उपकरणे मिळतात. कोणी गायकाच्या आवाजाला मंदिराच्या सभामंडपाची घुमी देते, कोणी पंख्याची घरघर काढून टाकते, कोणी सनई वा मृदंगाचा नाद पुरवते. जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये अशा प्लगइनसाठी एक सर्वसामान्य पद्धत रूढ केली, तेव्हापासून ती एक साधी फाइल असते. ठरावीक फोल्डरमध्ये ती ठेवली की काम सुरू. गणित करण्यासाठी तिला संगणकाबाहेर कोठेही जावे लागत नाही.

मग तिला इंटरनेट कशासाठी लागते? संगीतासाठी नव्हे, पहाऱ्यासाठी! समजा, सिरोंच्यातील एखाद्या तरुणाने प्रामाणिकपणे पैसे मोजून असे सॉफ्टवेअर घेतले. प्रथम काही गिगाबाइट उतरवून घ्या, मग खाते उघडा, मग परदेशातील सर्व्हरवर हा संगणक नोंदवा, आणि काही दिवसांनी त्या सर्व्हरला पुन्हा हजेरी द्या. संगीताच्या क्षेत्रात अनेक मोठ्या कंपन्या ज्या ‘आयलॉक’ नामक कुलुपावर विसंबतात, त्याच्या एका प्रकारात तर काम चालू असेपर्यंत इंटरनेटची जोडणी अखंड राहावी लागते. पावसाळी वाऱ्यात मोबाइलचा मनोरा बंद पडला, की विकत घेतलेले प्लगइन मौन धरते. आलापल्लीपासून सिरोंच्यापर्यंतचा शंभरेक किलोमीटरचा जंगलरस्ता आणि जिल्ह्याच्या ठाण्यापर्यंतचे दोनशेहून अधिक किलोमीटर ज्याने पावसाळ्यात कापले आहेत, त्याला ‘अखंड जोडणी’ या शब्दांतील विनोद समजेल. भजनी मंडळ जमले आहे, पेटी लागली आहे, टाळकरी सज्ज आहेत, आणि संगणकाच्या पडद्यावर इंग्रजीत सूचना झळकते की आपल्या परवान्याची खातरजमा होऊ शकली नाही. मंडळींना चहा पाजून परत पाठवावे लागते.

आता या चित्राची दुसरी बाजू पाहावी. शहरातील एखाद्या गल्लीत तेच सॉफ्टवेअर कुलूप तोडलेल्या अवस्थेत फुकट मिळते. त्याला हजेरी नको, खाते नको, जोडणी नको. ते सिरोंच्यातही अखंड चालते. म्हणजे ज्याने पैसे मोजले त्याची दर पंधरवड्याला झडती, आणि ज्याने चोरी केली तो निर्धास्त! चोर पकडण्यासाठी लावलेला हा पहारा चोराला कधी अडवतच नाही. तो अडवतो केवळ गिऱ्हाइकाला. नीतिशास्त्राच्या कोणत्या परंपरेत याला न्याय म्हणतात?

येथे आपल्याही घरात डोकावून पाहणे प्राप्त आहे. किती उत्सवांची स्फूर्तिगीते, किती गणेशोत्सवांच्या आरत्या, किती राष्ट्रभक्तिपर ध्वनिफिती या चोरीच्या सॉफ्टवेअरवर सजल्या असतील? मुखाने अस्तेय म्हणायचे आणि संगणकात चोरीचा माल ठेवायचा, हा दुटप्पीपणा ‘परकीय कंपनीचेच तर नुकसान’ असे म्हणून धुऊन निघत नाही. उलट, चोरीच्या परकीय मालावर चालणारे स्वदेशीचे गीत हा दुहेरी पराभव आहे. आणि ज्या तरुणाने वनवासी पाड्यावरची धून जपायला घ्यावी, त्याची पहिली दीक्षाच चौर्यकर्माची व्हावी, ही त्याहून शरमेची गोष्ट.

कंपन्यांचा बचाव ठरलेला आहे: कुलूप नसेल तर धंदा बुडेल. हा बचाव खरा असता तर तो काही प्रमाणात मान्य करता आला असता. पण तो खरा नाही, हे त्यांच्याच व्यवसायबंधूंनी दाखवून दिले आहे. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीचे एफएल स्टुडिओ घ्या. पैसे भरणाऱ्याला एक किल्लीची फाइल मिळते. ती पेन ड्राइव्हवर घालून कोठेही न्यावी, इंटरनेट नसलेल्या संगणकात टाकावी, कुलूप उघडते. अमेरिकेतील कॉकॉस कंपनीचे रीपर हे सॉफ्टवेअर आकाराने इतके लहान की बाजारगावातील दुर्बळ जोडणीवरही ते उतरते, आणि त्याचा परवाना म्हणजे निव्वळ एक फाइल. बर्लिनच्या एबलटनने तिसरा मार्ग ठेवला आहे. आपल्या संगणकाचा सांकेतिक क्रमांक कागदावर लिहून घ्यायचा, तो नेट असलेल्या दुसऱ्या संगणकावरून कळवायचा आणि आलेली उत्तराची फाइल घरी न्यायची. सिरोंच्याहून एसटीने अहेरीला गेलेल्या माणसाच्या खिशातूनही हा परवाना येऊ शकतो. या तिन्ही कंपन्या बुडालेल्या नाहीत. तेव्हा जे ही सोय देत नाहीत, ते तंत्राच्या अडचणीमुळे नव्हे, तर गिऱ्हाइकाची शेंडी हातात ठेवण्याच्या हव्यासापोटी देत नाहीत.

कुलूप म्हणजे सर्वस्वी पाप, असाही येथे दावा नाही. मराठी मुद्रणव्यवसायातील जुन्या मंडळींना आठवेल, श्रीलिपीसारखी मराठी अक्षरजुळणीची सॉफ्टवेअर संगणकाच्या पाठीमागे खोचायच्या एका छोट्या कुलुपासह येत. ते हरवले तर पंचाईत होई, हे खरे. परंतु ते आपल्या टेबलावर असे, आपल्या हाती असे. कुलूप घराला असणे आणि घराची किल्ली सातासमुद्रापार असणे, यांत अंतर आहे.

या मुद्द्यावर एक हुकमी आक्षेप येतो, आणि तो सुशिक्षित मध्यमवर्गातूनच येतो: नेटवर्क पोहोचतेच आहे, थोडा धीर धरा. नेटवर्क पोहोचते आहे, यात शंका नाही, आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुर्गम गावांत फोर-जी पोहोचवण्यासाठी २६ हजार कोटींहून अधिक रुपयांची योजना मंजूर केली. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलचे स्वदेशी बनावटीचे फोर-जी जाळे राष्ट्रार्पण झाले. नक्षलवाद्यांनी जाळलेल्या मनोऱ्यांच्या जागी मनोरे उभे राहणे ही अभिमानाचीच घटना. परंतु प्रश्न केवळ नेटवर्कचा असता, तर ज्याच्याकडे उत्तम नेटवर्क आहे तो सुरक्षित असायला हवा होता. तो तसा आहे का?

गुजरातेतील वाडीनारचा अवाढव्य तेलशुद्धीकरण कारखाना चालवणारी नायरा एनर्जी ही कंपनी जुलै २०२५ मध्ये एका दिवसात आपल्या ईमेलला पारखी झाली. तिच्याकडे नेटवर्क नव्हते काय? पैसे थकले होते काय? काहीही नाही. कंपनीत रशियन भांडवल आहे म्हणून युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले, आणि भारतात, भारतीय कायद्याखाली चालणाऱ्या उद्योगाच्या संगणकसेवा मायक्रोसॉफ्टने बंद केल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाली. त्याआधी ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या एका आदेशाचा हवाला देऊन अॅडोबी कंपनीने व्हेनेझुएलातील सगळी खाती गोठवण्याची घोषणा केली होती. ध्वनिसंपादनाचे ऑडिशन हे सॉफ्टवेअर याच कंपनीचे. महिनाअखेरीस अमेरिकी सरकारने मुभा दिली तेव्हा ती घोषणा मागे घेतली गेली. कराकसमधील ध्वनिसंपादकाचा वॉशिंग्टनच्या राजकारणाशी संबंध काय? संबंध एवढाच की त्याच्या हत्याराची कळ पैलतीरावर होती.

राजकारण दूर ठेवले तरी व्यापार आहेच. मार्च २०२३ मध्ये इस्रायलच्या वेव्ह्ज कंपनीने अचानक जाहीर केले की यापुढे प्लगइन कायमची विकली जाणार नाहीत, केवळ भाड्याने मिळतील. जगभरातील संगीतकार खवळले आणि अवघ्या काही दिवसांत कंपनीला माघार घ्यावी लागली. इस्रायलच्या कणखरपणाचे या देशात कौतुक आहे व ते असावे. पण म्हणून तेथल्या दुकानदाराने आपला खिसा कापावा, असे नाही. अमेरिकेतील केकवॉक कंपनीने तर २०१६ मध्ये ‘आजीवन सुधारणा’ या नावाने सॉफ्टवेअर विकले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये तिच्या मालकांनी कामच थांबवले. आजीवन म्हणजे कोणाचे जीवन, हे विचारायचे राहून गेले होते. पुढे सिंगापूरच्या कंपनीने ते घेतले म्हणून निभावले.

आपल्याकडे हे असे का चालवून घेतले जाते? कारण ‘नवे ते परक्यांचे आणि परक्यांच्या अटींवर’ ही मनोवृत्ती अद्याप गेलेली नाही. वास्तविक संगीतानेच आपल्याला याचे उत्तर एकदा शिकवले आहे. हार्मोनियम मुळात युरोपातून आली. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला हाताने भाता हलवायचे रूप दिले, ती जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या गवयाच्या पुढ्यात आणली. पुढे तिच्या स्वरपट्ट्या घासणारे, भाता शिवणारे, सूर मिळवून देणारे कारागीर आपल्या गावोगावी तयार झाले. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने या पेटीवर बंदी घातली, ती तब्बल १९७१ पर्यंत टिकली. सिरोंच्याच्या भजनी मंडळाने ती बंदी पाळली नाही, कारण पेटी त्यांच्या घरात होती आणि ती वाजायला दिल्लीची परवानगी लागत नव्हती. परक्याकडून आलेली वस्तू उघडता येते, दुरुस्त करता येते, आपल्यासारखी करून घेता येते, तेव्हाच ती आपली होते. संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरलाही हीच कसोटी लावली पाहिजे; त्याचा निर्माता गोरा की काळा, ही नव्हे.

स्वदेशी प्रतिभा नाही म्हणावे, तर तेही खरे नाही. बंगळूरचे अभियंते जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी घडवली आणि त्यांच्या रॅडेल कंपनीचे तंबोरे-तबले घरोघरी पोहोचले. कळ दाबा, सूर लावा. हजेरी नाही, खाते नाही. अमेरिकेने महासंगणक नाकारला तेव्हा डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम’ उभा केला, हे तर शाळकरी मुलालाही पाठ आहे. असे असताना तबला-सतारीचे नाद पुरवणारे स्वरप्लग हे नामांकित सॉफ्टवेअर स्वित्झर्लंडमधील कंपनीने बनवावे आणि आपण ते विकत घ्यावे, याची खंत कोणत्या विद्यापीठाच्या संगीत विभागाला वाटते?

तोपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. आर्डर, हायड्रोजन यांसारखी मुक्त सॉफ्टवेअर आज उपलब्ध आहेत. त्यांची संहिता खुली आहे, ती वाटणे कायदेशीर आहे, आणि एकदा संगणकात बसली की ती कोणालाही काही विचारत नाहीत. उबुंटू स्टुडिओ या संचात संगणकप्रणालीसह हे सारे एका पेन ड्राइव्हवर येते. चोरी नाही आणि लाचारीही नाही. केरळच्या सरकारी शाळांनी संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेले. तेथील डाव्यांशी मतभेद शंभर असोत, या बाबतीत त्यांनी जे केले ते महाराष्ट्रातील राष्ट्रवादी म्हणवणाऱ्यांना का सुचू नये? मुक्त सॉफ्टवेअर शिकायला थोडे अवघड, दिसायला थोडे रांगडे आहे, हे मान्य. खादीबद्दलही असेच म्हणत.

कायद्याकडूनही काही अपेक्षा रास्त आहेत. भारताचा कॉपीराइट कायदा या बाबतीत अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याइतका आंधळा नाही. कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला राखीव प्रत करण्याची मुभा तो देतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीने कुलूप तोडणे गुन्हा ठरवले तेही हक्कभंगाचा हेतू असेल तरच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सबळ कारणाविना एकतर्फी रद्द करता येणारा करार अनुचित ठरवला आहे. पण दुकानात वस्तू घेताना ती ‘विकत’ मिळते आहे की ‘वापरायला’, हे छापण्याची सक्ती येथे नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने जानेवारी २०२५ पासून ती केली, आणि जी वस्तू कायमची उतरवून इंटरनेटविना वापरता येते तिला त्या सक्तीतून वगळले. औषधाच्या वेष्टनावर मुदत छापतात, तशी सॉफ्टवेअरवर ‘इंटरनेटविना किती दिवस चालेल’ ही ओळ छापणे भारत सरकारने बंधनकारक करावे. शासकीय सांस्कृतिक केंद्रे, आश्रमशाळा आणि विद्यापीठे यांनी तर जोडणीविना न चालणारे सॉफ्टवेअर खरेदीच करू नये. ग्राहक चळवळीतील कार्यकर्त्यांनी हा विषय हाती घ्यावा, इतका तो मोठा आहे.

२०२७ मध्ये गोदावरीचे पुष्कर येत आहे. सिरोंचा तालुक्याच्या काठाकाठाने पुन्हा भजनी मंडळे उतरतील, पाड्यांवरून माणसे येतील. त्याआधी चंद्रपूर वा नागपूरच्या एखाद्या कार्यकर्त्याने एक लॅपटॉप सर्व साहित्यानिशी सज्ज करून, वायफाय बंद ठेवून महिनाभर चालवून पाहावा, आणि तो आलापल्लीमार्गे जाणाऱ्या एसटीत घालून सिरोंच्याला पोहोचवावा.